उत्तरेच्या खिडकीतली नीलव्वा

"डोळे फोडतूस का रे, मुडद्या! बंद कर ती इज! बंद कर म्हणते न्हवं!"

नीलव्वा खुर्चीवरून अशी ओरडली, की स्टुडिओच्या पायरीवर सावलीला पडलेलं कुत्रं उठलं, बाजारातल्या गोलाईला एक चक्कर मारली आणि थेट औशाच्या रस्त्याला लागलं. ते पुन्हा लातुरात दिसलं नाही, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच सांगतो. पण इतकी वर्षं सांगतोय, की आता दुसरी माणसं मलाच ते ऐकवायला लागलीत.

मी फ्लॅश हातात धरून उभा. शेजारी नीलव्वाचा मुलगा मन्मथअप्पा. आडतीचा व्यापारी, कपाळावर भस्माचे पट्टे आणि त्या पट्ट्यांमधून वाट काढत खाली येणारा घाम.

"अव्वा, इज न्हाई ती. फोटूचा लाईट हाय."

"पाऊस न्हाई, पाणी न्हाई, आन इज तेवढी व्हय रे ह्याच्या दुकानात?"

त्या दिवशी मी पुरा रोल संपवला. धुऊन बघतो तर प्रत्येक फोटोत डोळे गच्च मिटलेले. म्हातारी फ्लॅशपेक्षा चपळ होती. मी जमादार बसवलेत त्या खुर्चीवर, पैलवान बसवलेत, लाजून लाल झालेल्या नवऱ्यामुली बसवल्यात. पण फ्लॅशच्या आधी डोळे मिटणारा माणूस तो एकच. मी नुसतं मनात आणायचं, की तिकडं पापण्या खाली. एक नमुना छापून तिला दाखवला. तिनं तो हातभर लांब धरून न्याहाळला.

"मेलेलीच दिसायली की मी. आसाच काढायचा आसल तर मेल्यावर काढ. तवा मी वरडनार बी न्हाई आन हलनार बी न्हाई."

मी हसलो. ती हसली नाही.

यंदाही मृग कोरडाच गेला. मी आता नांदेडला लेकीकडं असतो. ढग येतात, वळवळतात आणि तेलंगणाकडं निघून जातात. जाताना देगलूरवरून जात असतील, म्हणजे माझ्या जन्मगावावरून. गावाच्या नावातला 'दे' ऐकून तरी थांबावं मेल्यांनी. पण नाही. घाटाच्या पायऱ्या उतरून गेलं, की नदी अजून पुढं गेलेली असते. दुपारी वारा सुटतो, ऑटोरिक्षा धुळीची शेपटी लावून धावतात आणि मी खिडकीपाशी पंख्याच्या टप्प्यात बसून राहतो. या वयात दुष्काळाचा राग येत नाही. एखादा पाहुणा पुन्हा पुन्हा यावा, त्याच त्या गोष्टी सांगाव्यात आणि आपण नुसतं हं हं करत राहावं, तसं होतं.

परवा लेक म्हणाली, "बाबा, जरा खिडकीकडं तोंड करा. उजेड मस्त आहे. फोटो काढते."

"कशाला?"

"असंच."

असंच! मी उभ्या आयुष्यात "असंच" फोटो काढायला आलेला माणूस बघितला नाही. नोकरी लागली म्हणून, सोयरीक जुळवायची म्हणून, कुणी गेलं म्हणून. लेकीनं मोबाइल वर केला, टिचकी मारली आणि झालं. कानातले केस, गालावरचे डाग, दाढी करताना चुकलेली चार खुंटं, सगळं लख्ख. मोबाइलला काय बघायचं आणि काय सोडायचं हे कळत नाही, म्हणून तो सगळंच बघतो. ती आत गेली आणि मी त्या उजेडाकडं बघत बसलो. पांढरा, कोरडा, धुळीतून गाळून आलेला उजेड. दुष्काळाचा उजेड वेगळा असतो, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. पावसाळी उजेड ओल्या फडक्यासारखा चेहऱ्यावर बसतो. दुष्काळातला उजेड जुन्या धोतरासारखा असतो, विरलेला, पण मऊ. हवेत एवढी माती उडत असते की सूर्यालासुद्धा चाळणीतून यावं लागतं. शेतकऱ्याचं वाटोळं आणि फोटोवाल्याची चंगळ. लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण खरी आहे. माझ्या तोंडून खरी गोष्ट निघाली की मलाच दचकायला होतं.

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. आधी साध्या सहीशिक्क्यासाठी उस्मानाबादची एसटी धरावी लागायची. आता साहेबच आमच्या दारात येऊन बसले. कचेऱ्या निघाल्या, पाट्या लागल्या, ज्याच्या हाती किल्ली तो स्वतःला निम्मा कलेक्टर समजायला लागला. आणि जो तो फोटोला पळायला लागला. एक काळा कोट खुंटीवर टांगून ठेवला होता मी. नव्या जिल्ह्यातले निम्मे अधिकारी त्याच एका कोटात नोकरीला लागले. कोट लहान पडला तर पाठीमागून उसवून टाचण्या लावायचो. समोरून साहेब, मागून बुजगावणं.

पण जिल्हा आला तो दुष्काळाचा हात धरूनच. लाईट सकाळी जायची ती दुपारी यायची आणि आल्या आल्या पुन्हा जायची. स्टुडिओतले मोठे दिवे नुसते शोभेला. पाण्याचं तर विचारूच नका. फोटोला पाणी किती लागतं हे ज्यानं फोटो धुतला नाही त्याला कळायचं नाही. निगेटिव्ह धुवा, कागद धुवा, पुन्हा धुवा, नाहीतर वर्षभरात चेहऱ्याला कावीळ होते. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात फोटोंच्या जेवढ्या आंघोळी झाल्या तेवढ्या माझ्या झाल्या नाहीत. आणि जे पाणी मिळायचं ते हौदात तापून एवढं कढत, की निगेटिव्हवरचा मसालाच सुटायचा. एका तलाठ्याची मिशी घसरून हनुवटीवर आली. मी दहा वेळा माफी मागितली. तो म्हणाला, "राहू द्या, आमच्या मंडळींना दाढीच आवडती."

तर नीलव्वा. तिला फोटो का हवा होता आणि उघड्या डोळ्यांचाच का हवा होता, ते सांगायला हवं.

लिंगायतांत माणूस लिंगैक्य झाला की त्याला आडवा नेत नाहीत. बसवतात. आंघोळ घालून, भस्म लावून, फुलांनी सजवून मांडी घालून बसवतात आणि बसलेलाच मातीत ठेवतात. त्या बसण्याला एक मान असतो. वाटतं, माणूस गेलेला नाही, नुसता पूजेला बसलाय. त्या वेळी फोटोवाल्याला बोलावणं यायचं. कारण बहुतेकांचा जिवंतपणी एकही फोटो नसायचा. मीही जायचो. आणि आता स्पष्टच बोलतो, खिडकीच्या उजेडात एकदम शार्प फोटो कुणाचा येतो, तर त्याचा. कॅमेऱ्याचा डोळा कितीही वेळ उघडा ठेवा, समोरचा हलत नाही, शिंकत नाही, "झालं का" म्हणून विचारत नाही. भुवईचा केस न केस येतो. फक्त डोळे मिटलेले असतात.

मग घरचे म्हणायचे, "तेवढे डोळे उघडून द्या."

डोळे उघडायचं काम नांदेडला व्हायचं. तिथल्या जुन्या गावात एक उस्ताद होते. चष्म्यावर चष्मा लावून बसायचे आणि तीन केसांच्या कुंचल्यानं मिटलेल्या पापण्यांवर उघडे डोळे रंगवायचे. हात एवढा साफ, की त्यांनी रंगवलेल्या माशीला मी स्वतः दोनदा हाकललंय. पण उस्तादांना डोळे एकाच प्रकारचे यायचे. मोठे, काळेभोर, शांत, जरासे ओलसर. आडत्याला तेच, तालमीतल्या वस्तादाला तेच, जन्मभर सुनेला छळलेल्या सासूलाही तेच. नांदेडपासून उदगीरपर्यंत कुठल्याही ओसरीवर जा, भिंतीवरून तोच एक माणूस तुमच्याकडं बघतोय, नुसत्या टोप्या बदलून. मी एकदा म्हणालो, "उस्ताद, कधीतरी वेगळे डोळे काढा की." ते कुंचला न उचलता म्हणाले, "मियाँ, मरे बाद सबकी नजर एकीच रहती."

नीलव्वाच्या नवऱ्याचा फोटो असाच. मी लातुरात यायच्या कितीतरी आधीचा, कुणी दुसऱ्यानं काढलेला, नांदेडला डोळे उघडून आणलेला. आडतीच्या दुकानात गादीच्या वर टांगला होता. फ्लॅशची फजिती झाल्यावर मी तिकडं गेलो तेव्हा नीलव्वानं मला त्या फोटोसमोर उभं केलं.

"ह्ये कोन हाय, सांग."

"तुमचे मालक."

"नाक त्यांचं. कान त्यांचे. डोळे कुनाचे?"

मी जवळ जाऊन बघितलं. उस्तादांचेच.

"ह्यांचे डोळे मांजराचे व्हते. घारे. उजवा जरा बारीक, आन चिडले की आजून बारीक व्हायचा. त्या डोळ्याला भिऊन मी संसार केला, आन त्याच डोळ्यासाठी केला. आन ह्यो बघ, गायीवानी बघायलाय. सून म्हनती, मामंजी किती शांत दिसत्यात. मामंजी कवा शांत व्हते गं बाई! रोज सकाळी न्हाऊनधुऊन परक्या बाप्याला भस्म लावायले मी. ह्याला पुन्य म्हनावं का पाप, तूच सांग."

मन्मथअप्पा गादीवरून म्हणाला, "अव्वाचं आसंच हाय. लोक तर म्हनत्यात, अप्पा जित्ते बसल्यावानी वाटत्यात."

"लोकान्ला काय, लोकांनी त्यांच्याकडं बघितलंच कवा? खाली मुंड्या घालून हिशोब करायचे." मग ती माझ्याकडं वळली. "मी गेल्यावर ह्यो मला बी तसंच करनार. माझे डोळे जित्तेपनी धरून ठीव तू. उघडे. माझेच. मग मी जायला मोकळी."

मन्मथअप्पानं मला बाजूला घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. आईला बसायला तक्क्या द्यायचा, तिचं पान स्वतः कुटायचा. हळूच म्हणाला, "फोटूवाले, बघा काय जमतंय. उन्हाळा काढंल का न्हाई सांगता येत न्हाई, जेवन तुटलंय तिचं. आन न्हाईच जमलं तर मिटलेला फोटू हायच की. नांदेडला पाठवू. अप्पाच्या बाजूला शोभला म्हंजे झालं."

म्हणजे गोष्ट एवढी सरळ होती. मला जमलं तर नीलव्वा. नाही जमलं तर उस्तादांची गाय.

फ्लॅश बाद. दिवे बाद. उन्हात बसवावं तर डोळ्यांच्या फटी व्हायच्या. उरली खिडकी. आणि खिडकी दुष्काळानं दिली. त्या आडतीच्या दुकानात उत्तरेच्या अंगाला एक भलीमोठी खिडकी होती, हे खुद्द मन्मथअप्पाच विसरला होता. कारण वर्षानुवर्षं तिच्यापुढं तुरीच्या पोत्यांची थप्पी. त्या वर्षी तूरच नाही, उडीद नाही, करडई नाही. हमाल निघून गेले, काट्याला कोळ्यानं जाळं विणलं, उंदीर तर म्हणे बायकापोरं घेऊन निजामाबादच्या गाडीला बसले. थप्पी संपली आणि मागून खिडकी निघाली. तिच्या लाकडी गजांतून उजेड त्या रिकाम्या फरशीवर पडला, तेव्हा मी दारातच थांबलो. एवढा चांगला उजेड आणि एवढी रिकामी जागा मला त्याआधी मिळाली नव्हती. आनंद व्हायला हवा होता. पण तुरीचा जुना वास अजून कोपऱ्यात होता आणि तो वास हुंगत मन्मथअप्पा नुसताच उभा होता. मी आनंद खिशात घातला.

घाई दोन गोष्टींची होती. एक म्हातारीची. दुसरी सूर्याची. उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही, असं पुस्तकवाले लिहितात. त्यांनी लातूरचा उन्हाळा काढलेला नाही. वैशाख सरता सरता आमच्याकडं सूर्य डोक्यावरून घसरून उत्तरेला झुकतो, मग ती खिडकीसुद्धा बेइमान होते. त्याच्या आत काम व्हायला हवं होतं.

खिडकीच्या उजेडाचं एक साधं शास्त्र आहे, ते मी माझ्या मुठीकडून शिकलो. मूठ उजेडात धरायची आणि हळूहळू फिरायचं. बोटांच्या सावल्या जिथं चाकूसारख्या पडतात तिथं कुणाला बसवायचं नाही. जिथं सावली मऊ होते, पण मरत नाही, तिथं माणसाचं स्टूल. चेहरा खिडकीला एकदम पाठमोरा नको, एकदम समोर नको. उजेड एका गालावरून चालत येऊन नाकापाशी दम खायला थांबला पाहिजे. दुसऱ्या गालाला उपाशी ठेवायचं नाही, तिकडून पांढरं धोतर धरायचं. आमच्या घरची विमल ते धोतर धरून उभी राहायची आणि बडबडायची, "लोकांच्या बायका दागिने धरतात, मी उजेड धरते."

आणि मुख्य म्हणजे बुबुळात खिडकी दिसली पाहिजे. तो बारकासा पांढरा चौकोन. तो नसेल तर डोळा उघडा असूनही विझलेला. उस्तादांच्या डोळ्यांत सगळं होतं, पण खिडकी नव्हती.

हे सगळं मला येत होतं. अडचण वेगळीच होती. नीलव्वाची मान हलायची. डावी-उजवी, डावी-उजवी, सदान्‌कदा. कंपवात. कुणालाही वाटावं, ही नाहीच म्हणतेय. भाजीवाली भाव सांगायची आणि तिची मान बघून आपोआप खाली यायची. म्हातारीनं त्या मानेवर अर्धा संसार स्वस्तात केला. पण कॅमेऱ्याशी घासाघीस चालत नाही. आतल्या उजेडात भिंग पूर्ण उघडून, सेकंदाचा पंधरावा भाग तरी लागायचा, आणि तेवढ्यात ती मान लातूरहून निघून रेणापूरला पोचायची. शिवाय भिंग पूर्ण उघडलं की शार्प पट्टी वीतभरसुद्धा राहत नाही. जवळचा डोळा धरला तर कान गेला. नाक धरलं तर डोळा गेला. त्या हलत्या चेहऱ्यावरचा एक डोळा मला कॅमेऱ्याच्या काचेत पकडायचा होता. बुजऱ्या वासराला दावं लावण्यासारखं काम.

पहिल्या दिवशी भुश्शाचं पोतं भिंतीला बांधून त्यावर डोकं टेकवलं.

"न्हाव्याकडं आनलाव का मला?" नीलव्वा म्हणाली. डोकं थांबलं, पण तोंड सुरू झालं. त्या रोलमध्ये डोळे बरे होते आणि हनुवट्या चार-चार.

दुसऱ्या दिवशी मी अक्कल लढवली. झोका टोकाला गेला की परत फिरताना क्षणभर थांबतो. मानही तशीच थांबत असणार. त्या टोकाला चाप ओढायचा. श्वास धरून, डोळा काचेला लावून मी बसलो. माझा कॅमेरा वरून बघायचा. त्याच्या काचेत डावं ते उजवं दिसतं. म्हातारी इकडं गेली की काचेत तिकडं. थोड्या वेळानं माझीच मान हलायला लागली. विमल धोतरामागून म्हणाली, "दोघं मिळून नाही नाही म्हणायलाव. फोटोला हो कोण म्हणणार?"

रोल धुतला. धूर. नुसता धूर. एका धुरात दोन डोळे तरंगत होते, कुणाचे ते ओळखू येऊ नये असे.

त्या संध्याकाळी विमलनं घागरीवर हात ठेवला. "आता बास. हे प्यायचं पाणी आहे. तुमची म्हातारी मी जाणते, पण माझ्याही घरात तोंडं आहेत." तिचं चूक नव्हतं. सकाळी दार उघडलं तर पायरीवर एक भरलेली कळशी, वर फडकं बांधलेलं. मन्मथअप्पानं आपल्या वाट्याची धाडली होती. ज्या मुलाला उस्तादांचे डोळे पसंत होते, त्यानंच आईच्या डोळ्यांसाठी पाणी पाठवलं. माणसाचा फोटो शार्प का येत नाही, ते मला तेव्हापासून कळायला लागलं.

मी निरोप दिला, उद्या शेवटचं.

तो शेवटचा दिवस मला अजून वासासकट आठवतो. वाळलेली माती, नीलव्वाच्या लुगड्याला येणारा कापराचा वास, तापलेल्या पत्र्याचा टणटण आवाज. उजेड तर असा आला होता की त्याला हात लावावा. नीलव्वा आंघोळ करून आली होती, म्हणजे तांब्याभर पाण्यानं तोंड आणि हातपाय. कपाळ भस्मानं भरलेलं. ती मुकाट्यानं स्टुलावर बसली. ओरडली नाही, टोमणा मारला नाही. मला त्याचीच भीती वाटली. त्या काही दिवसांत ती आणखी वाळली होती. गाल आत गेले होते आणि डोळे तेवढे मोठे झाले होते.

"समोर बघा, अव्वा. माझ्याकडं."

तिनं बघितलं. मान हलत होती. मी एक काढला. दुसरा काढला. रोल सरकत होता आणि मला माहीत होतं, धूर, धूर, पुन्हा धूर. विमलचं धोतर खाली यायला लागलं होतं. मन्मथअप्पा गादीच्या कडेला बसून बापाच्या फोटोकडं बघत होता. त्याच्या मनातलं नांदेडचं तिकीट मला दिसत होतं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला हॉर्न वाजला.

काय झालं ते नीट सांगतो, यात तिखटमीठ नाही. बाहेर एकदम घागरींचा खणखणाट झाला, बाया धावल्या, कुणीतरी कुणाच्या तरी नावानं बोंब ठोकली. आणि नीलव्वानं तोंड खिडकीकडं वळवलं. कान टवकारले. आणि तिची मान थांबली. कशी, ते डॉक्टरला विचारा. सगळी म्हातारी त्या एका आवाजात जाऊन बसली होती. पापणी लवत नव्हती. उजवी-डावी सगळं बंद. उजेड सरळ तिच्या तोंडावर, बुबुळात खिडकी, आणि मी काचेत तो जवळचा डोळा धरला तेव्हा त्यातली पिवळसर छटा, कडेची लाल शीर, खालच्या पापणीवर साठलेलं एवढंसं पाणी, सगळं दिसलं. मी चाप ओढला. चापाचा आवाजही मला ऐकू आला नाही.

मग मान पुन्हा सुरू झाली. नीलव्वा ओरडली, "मन्मथा! बसलास काय आसा! घागरी घे!"

तो फोटो मी मन्मथअप्पाच्या कळशीत धुतला, जपून, थेंब न सांडता. असा शार्प फोटो मी पुन्हा काढला नाही. भिंग घेऊन बघितलं तर बुबुळातल्या खिडकीत बाहेरची रांग दिसते, रांगेतल्या घागरी दिसतात, आणि पुढून तिसऱ्या घागरीला डाग दिलेला आहे तोसुद्धा दिसतो. बरं, घागरी दिसत नसतील. रांग मात्र दिसते.

मी फोटो घेऊन आडतीवर गेलो. मन्मथअप्पानं तो गादीवर ठेवला आणि चष्मा लावला. मग म्हणाला, "फोटूवाले, मानलं तुमाला. जित्ती हाय की ही." मग व्यापारी जागा झाला. "पर एक हाय. ही समोर कुटं बघायली? भिताडावर लावायचा म्हंजे भस्म लावनाऱ्याकडं बघाय पायजे. ही तर बाहीरच बघायली. नांदेडला धाडतो. डोळे तेच ऱ्हाऊ देत, बुबुळं तेवढी सरळ करून देत्याल."

नीलव्वा दाराशी बसली होती. तिनं हात पुढं केला, फोटो घेतला, पदराखाली घातला.

"माझ्या डोळ्याला कुनी हात लावायचा न्हाई."

"आगं, पर मी लोकांना काय सांगू? उद्या पै-पाव्हनं येतील, इचारतील, तुझी अव्वा मरून गेली तरी तिकडं कुटं बघायली? काय सांगू मी त्यान्ला?"

नीलव्वानं पदर सारखा केला.

"सांग, टँकर आला व्हता."